अकरा नंबरचा प्रवासी

माझी नात सगळ्यांना सांगते, "आमची आजी कॉम्प्युटरमध्ये होती." जसं काही मला कुणी त्या डब्यात कोंबून वर झाकण लावलं होतं. तिला वाटतं मी चित्रं हलवणारे, गाणी वाजवणारे कार्यक्रम लिहीत असणार. प्रत्यक्षात माझी उभी हयात एका लुकलुकणाऱ्या रेघेमागे गेली. ती रेघ आता कुठे आहे, हे ओळखायचं. एवढंच काम. लग्नात मामेसासूबाईंनी विचारलं होतं, "नेमकं काय करतेस गं तू?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे फार दयेने पाहिलं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळा पडदा, त्यावर हिरवी किंवा पांढरी अक्षरं, आणि पुढचं अक्षर जिथे उमटणार तिथे लुकलुकणारी रेघ, ती कर्सर. माझा धंदा दुकानं, गोदामं, बुकिंग ऑफिसं यांच्यासाठी अशा पडद्यांवर चालणारे छोटे कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहिण्याचा. आता गंमत अशी, की कार्यक्रम पडद्यावर लिहितो, पण त्याला पडदा दिसत नाही. आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर रुमाल बांधलेला भिडू असतो ना, तसा. "मी आत्ता चार ओळी छापल्या, म्हणजे चार ओळी वर गेलो की पहिल्या ओळीवर पोचेन" असं मनात मोजत तो चालतो. मोजणी बरोबर तोवर झकास. मधेच कुणी खुर्ची सरकवली, की वाट लागली.

हे मला आज कळतं. तरुणपणीच्या मला कळत नव्हतं. तिला मी 'ती'च म्हणणार, कारण तिचा माझा संबंध आहे हे कबूल करायला मला जड जातं. ती कॉटनच्या कडक इस्त्रीच्या साड्या नेसायची, पर्समध्ये फूटपट्टी ठेवायची (का, देव जाणे) आणि कुणी शंका काढली की डोळे मिटून हसायची. तो हसरा चेहरा एका जुन्या फोटोत आहे. बघितला की आजही चापट मारावीशी वाटते.

घाटकोपरला औषधांचं एक मोठं गोदाम होतं. तिथे तिने साठ्याची यादी दाखवणारा कार्यक्रम लिहिला. औषध गेलं की कर्सर बरोबर त्या ओळीवर जाऊन आकडा बदलायचा. पहिल्याच आठवड्यात यादी घसरली. खोकल्याच्या औषधाचा आकडा मलमासमोर, मलमाचा गोळ्यांसमोर. शोधलं तेव्हा कळलं, त्या यंत्रावर एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर निरोप पाठवायची सोय होती, आणि पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ रोज "चहा आला" असा निरोप पाठवायचे. तो निरोप यादीच्या मधोमध उमटायचा आणि खालचं सगळं एक ओळ घसरायचं. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? कार्यक्रम सुधारला असता. तिने भिंतीवर कागद चिकटवला: "चहाचे निरोप तोंडी द्यावेत." वर सही ठोकली. आणि घरी येऊन म्हणाली, लोकांना शिस्त नाही.

अशा या बाईने बोरिवलीच्या दादांसाठी बसच्या जागांचा कार्यक्रम लिहिला, आणि त्याच्यापायी मला म्हातारपणी कशी कसरत करावी लागली, ती ही हकिगत.

दादांचं बुकिंग ऑफिस हायवेच्या कडेला, बोरिवली पूर्वेला. कोकणात जाणाऱ्या त्यांच्या गाड्या तिथूनच सुटतात. आता नवे लोक फोनवरून तिकिटं काढतात, पण गणपतीच्या जादा गाड्यांचं बुकिंग दादा अजूनही खिडकीवर आणि माझ्या, म्हणजे तिच्या, काळ्या पडद्यावरच घेतात. कारण विचारलं की म्हणतात, "सुधाबाई, त्या रंगीत पडद्यावर शोभाला एक तिकीट करायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात ह्याच्यावर ती अर्धी गाडी भरते." शोभा म्हणजे खिडकीवरची बाई. माहेर मालवणचं, जीभ तिथलीच, आणि बोटं अशी चालतात की कळफलकाला दया यावी.

पडद्यावर बसचा नकाशा असतो. दोन जागा, मधली वाट, पुन्हा दोन जागा, अशा ओळी. शोभा आधी जागेचा नंबर टाकते, मग वय, मग नाव. वय नावाच्या आधी का? कारण तिला, त्या फूटपट्टीवालीला, वाटलं होतं की आकडे एका दमात टाकून झाले की वेळ वाचतो. दोन आकडे पडले की कार्यक्रम आपणहून पुढच्या रकान्यात उडी मारतो. जागेच्या आणि वयाच्या रकान्यात आकड्याशिवाय काहीही दाबलं तर ते गिळून टाकतो. तिला याचा फार अभिमान. मग खाली एक ओळ छापली जाते, "अमुक जागा तमुकला दिली", आणि कर्सर मोजून तितक्या ओळी वर जाऊन नकाशात त्या खुर्चीवर नाव लिहितो.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या काही दिवस आधी शोभाचा फोन. "सुधाताई, तुमची बस हलता."

"गाडी जुनी असेल."

"गाडी नाय गो, पडद्यावरची! गणपती आपली खुर्ची सोडून मागे जाऊन बसलो."

मी चपला घातल्या. गणपती म्हणजे घाडीआजोबांचा गणपती, हे मला ठाऊक होतं. घाडीआजोबा देवीपाड्यात राहतात. दरवर्षी घरी शाडूची मूर्ती स्वतः घडवतात आणि गावच्या घरी नेतात. इथून मूर्ती नेणारे पुष्कळ आहेत, पण आजोबा मूर्तीला रीतसर जागा घेतात. स्वतःची एक, त्याची एक. सामानात ठेवायचा प्रश्नच नाही, आणि मांडीवर घ्यायची तर मूर्ती पाटासकट चांगली वजनदार, शिवाय आजोबांचे हात आताशा कापतात. त्या वर्षी सोंडेचं वळण जमायला त्यांना तीनदा माती मोडावी लागली होती. "पुढल्या वर्षी हात साथ देतीत की नाय, म्हायत नाय," असं ते शोभाला म्हणाले होते. त्यांची तिकिटं काढतानाचा संवाद तर ऑफिसात दरवर्षी वाजतो.

"वय?" शोभा विचारते.

"माझा की त्याचा?"

"त्याचा. मशीन सोडणा नाय."

"घाल गो काय ता."

शोभा नव्याण्णव घालते. त्या फूटपट्टीवालीने वयाशिवाय कुणाला बसमध्ये चढायची मुभाच ठेवली नव्हती, देवालासुद्धा.

मी पडद्यासमोर बसले. यादीत गणपतीची जागा नऊ, खिडकीची. आजोबांची दहा, वाटेकडेची. पण नकाशात नऊ नंबरची खुर्ची रिकामी, आणि गणपती मागच्या ओळीत दुसऱ्याच एका प्रवाशाच्या नावावर बसलेला. आजोबा मात्र आपल्या जागी. मी जरा मागे सरकून पडदा पाहिला. अक्षरं भलतीच मोठी.

"शोभा, अक्षरं कुणी वाढवली?"

"मिया. चष्म्याचो नंबर वाढलो, मगे अक्षरां पण वाढवलंय. काय चुकला?"

काही चुकलं नव्हतं. अक्षरं मोठी केली की एका ओळीत मावणारी अक्षरं कमी होतात. "जागा दहा घाडी" हे मावत होतं. पण शोभाने गणपतीच्या नावाच्या रकान्यात प्रेमाने लिहिलं होतं, "श्री गणपती, घाडीआजोबांचे, शाडूचे आहेत, कुणी हात लावू नये". ते ओळीत मावेना, शेपूट खालच्या ओळीवर गेलं. कार्यक्रमाच्या हिशेबी एक ओळ छापली, पडद्यावर झाल्या दोन. तो बिचारा मोजून वर गेला आणि एक ओळ खालीच राहिला. बसमधल्या सुटसुटीत नावांच्या मांजरेकर-मयेकरांपैकी कुणी हललं नाही. हलला तो फक्त गणपती, सगळ्यात मोठं बिरुद असल्यामुळे.

मी कार्यक्रम उघडला. त्यात तिने स्वतःच्या हाताने शेरा लिहून ठेवला होता: "कर्सर कुठे आहे हे पडद्याला विचारण्याची गरज नाही. मी मोजले आहे. येथे कोणी बदल करू नये."

मी मोठ्याने हसले. दादा आतून म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही. एक ओळखीची बाई भेटली."

पडद्याला विचारायची सोय तेव्हाही होती. कार्यक्रम एक खूण पाठवतो, तिचा अर्थ "मी कुठे आहे?" पडदा उत्तर देतो: आधी ओळीचा आकडा, मग अर्धविराम, मग रकान्याचा, म्हणजे ओळीतल्या कितव्या अक्षरावर त्याचा आकडा, आणि उत्तर संपलं हे सांगायला शेवटी रोमन लिपीतला एक आर. यात गोम एकच. हे उत्तर कार्यक्रमाला कळफलकावरून येतं, जणू कुणी माणसानेच ते टाईप केलंय. घराला दार एकच. पाहुणा आला काय, दूधवाला आला काय, बेल तीच. बेल वाजली की आधी बघायचं असतं कोण आलंय.

हे मला माहीत होतं. मला सगळंच माहीत असतं. मी तिचं मोजणं खरवडून काढलं, विचारणं बसवलं, आणि जादा गाडीच्या नकाशावरच शोभाला म्हटलं, "दाब बघू, कुठेही." तिने दोन-चार जागा भरून खोडून दाखवल्या. नावं अशी नेमकी बसली की दादांनी चहा मागवला, तोही बिस्किटांसह. गणपती नऊ नंबरवर विराजमान झाला. मी तिच्या शेऱ्याखाली माझा शेरा लिहिला: "विचारले. लाज वाटली नाही." आणि डोळे मिटून हसले. हो, तस्संच. फोटोतल्यासारखं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

जादा गाडी सुटायच्या दिवशी दुपारी शोभाचा पुन्हा फोन. या वेळी आवाज दबलेला. "सुधाताई, येवा. घाडीआजोबा मूर्ती घेऊन इलेत, आणि नऊ नंबर दोघांका दिलोहा."

झालं होतं असं. गर्दीच्या वेळी फोनवर कुणी जागा मागितली की शोभा पडद्याकडे एक नजर टाकते, जागा सांगते, हाताने तिकीट लिहून ठेवते आणि सवड झाली की मशीनमध्ये भरते. ही त्या ऑफिसची जुनी पद्धत. मी दुरुस्ती करायच्या आधी, गणपती मागे सरकलेला असताना, नऊ नंबर रिकामा दिसत होता. त्या वेळात तिने तो दहिसरच्या एका माणसाला देऊन टाकला होता. त्याच्या पायाला प्लॅस्टर, पुढची खिडकीची जागा त्याला हवीच होती. तिकीट पॅडखाली राहिलं. त्या दिवशी भरायला घेतलं तर मशीन म्हणालं, इथे गणपती आहे.

मी पोचले तेव्हा घाडीआजोबा बाकावर बसलेले. शेजारी मूर्ती, पांढऱ्या फडक्यात. एक हात तिच्यावर. हात कापत होता, पण फडकं हलत नव्हतं.

"सुधाबाई," ते म्हणाले, "तुमच्या मशिनीक मी दिसतंय, प्लॅस्टरवालो दिसता. माझो गणपती तेवढो दिसणा नाय?"

"दिसतो हो."

"मगे तो बसतलो खय?"

दादा डोकं धरून उभे. "आजोबा, प्लॅस्टरवाल्याला उठवू? सांगा तुम्हीच. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला ठेवूया मूर्ती, मी स्वतः बांधून देतो."

"इंजिनाच्या उष्णतेत? शाडू आसा ता, दादा. सकाळपर्यंत सोंड हातात येतली." आजोबा शांतपणे म्हणाले. ते शांत बोलले म्हणूनच आम्हाला जास्त लागलं. "घरात म्हातारी चौरंग मांडून बसली आसा. मी तिका काय सांगू? जागा गावली नाय?"

त्यांच्या मांडीवर मूर्ती आणि त्यांचे ते हात, रात्रभराचा घाट. कुणीच तसं सुचवलं नाही. इतर गाड्या भरलेल्या. एक जागा कुणी सोडायला तयार नाही, आणि गणपतीच्या दिवसांत कोकणातली जागा कुणी का सोडावी? ज्याने सोडली त्याला त्याच्या घरच्यांनी घरात घेतलं नसतं. मला मनातून कळत होतं, त्या फूटपट्टीवालीच्या आगाऊपणाची ही बिदागी आहे, आणि ती गोळा करायला ती हजर नाही, मी आहे.

"दादा, एकही जागा नाही? तुमच्या कोट्यातली?"

"कोटा कसला! माझ्या मेव्हण्याला उभं केलंय मी." दादांनी आवाज खाली आणला. "एक आहे. पण तिला हात लावता येणार नाही."

"का?"

"अकरा नंबर. मोठा माणूस आहे कुणीतरी. नावसुद्धा पूर्ण दिलेलं नाही. नुसतं 'आर'. फोन नंबर नाही, काही नाही. म्हणजे वरून आलेलं बुकिंग असणार. रोज दहा माणसं ती जागा मागतात, मी हात जोडून नाही म्हणतो."

"कुणी केलं बुकिंग?"

दादांनी शोभाकडे पाहिलं. शोभाने दादांकडे. "माका वाटला तुमी केलास," ती म्हणाली.

"मला वाटलं तू."

मी पडद्याजवळ गेले. चष्मा पुसला. जागा अकरा. वय त्रेसष्ट. नाव: आर.

जागेनंतर वय. वयानंतर नाव. आकडे सोडून बाकीचं गिळून टाकायचं. दोन आकडे पडले की उडी मारायची.

ओळ अकरा, अर्धविराम, रकाना त्रेसष्ट, आर.

माझ्या पोटात असं काही हसू उसळलं की मी पटकन खोकल्यासारखं केलं. चहा-बिस्किटाच्या त्या दिवशी मी शोभाला "दाब बघू" म्हटलं होतं, आणि शोभाची बोटं ती! कार्यक्रमाने पडद्याला विचारलं, "मी कुठे आहे?" पडदा उत्तर देईपर्यंत शोभाने पुढची कळ हाणली. कार्यक्रमाने तीच उत्तर समजून घेतली, गोंधळला, आणि नवं तिकीट उघडून बसला. मग आलं पडद्याचं खरं उत्तर. दारात कोण आहे हे न बघताच त्याला आत घेऊन, नाव-वय लिहून, खुर्ची देऊन बसवलं. शोभाने सवयीने शेवटची कळ दाबली आणि तिकीट पक्कं. बेल वाजली की बघायचं कोण आलंय, हे मला माहीत होतं. बघितलं नव्हतं, एवढंच.

म्हणजे तिने न विचारून एक जागा घालवली, आणि मी विचारून एक जागा अडवली. दोघी सारख्याच दीडशहाण्या. माझी फक्त बिस्किटं जास्त झाली.

"दादा," मी पदर नीट करत म्हटलं, "हा आर येणार नाही."

"तुम्ही ओळखता?"

"ओळखते म्हणजे काय, आमच्याच लाईनीतला आहे. त्याची जागा गणपतीला दिली तर तो काही बोलणार नाही. माझी जबाबदारी."

"नक्की? उद्या वरून फोन आला तर?"

"आला तर मला द्या."

शोभा माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. तिला चष्मा लागला आहे, पण दिसतं तिला सगळं.  तिने ड्रॉवरमधून एक बिस्किट काढून माझ्यासमोर ठेवलं. मी ते खाल्लं नाही. एवढी तरी लाज असावी.

अकरा नंबर वाटेकडेचा, आणि वाटेच्या पलीकडे लगेच दहा, आजोबांचा. संध्याकाळी गाडी लागली. प्लॅस्टरवाला आधीच खिडकीशी पाय लांबवून बसला होता. मूर्ती आली तशी त्याने तो प्लॅस्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ओढला. दादांनी स्वतः पाटाखाली उशी घातली. आजोबा दहावर बसले, वाटेवरून हात लांब केला, तो बरोबर पाटाच्या कडेवर टेकला. हात तिथे ठेवला तेव्हा कापायचा थांबला.

कंडक्टर यादी घेऊन चढला. "दहा, घाडी. अकरा... आर? वय त्रेसष्ट? आर आले का?"

 दादा माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीतून हायवे बघायला लागले.

"इलो इलो," घाडीआजोबा म्हणाले. "बसलोसा. लिव."

कंडक्टरने फडक्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, आणि खूण केली. दादा आणि मी खाली उतरलो.

"सुधाबाई," आजोबांनी मला खिडकीतून हाक मारली, "गणपतीचा वय तरेसष्ट कशाक घातलास? माझ्यापरीस धाकटो केलास त्याका?"

"तुम्ही वडील आहात ना त्याचे!"

ते हसले. गाडी सुटली.

दुसऱ्याच दिवशी मी जाऊन ती दुरुस्ती दुरुस्त केली. पडद्याला प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत कुणाचीही कळ बाहेर ताटकळत ठेवायची, शोभाची असली तरी. शेरा मात्र कुठलाच लिहिला नाही. दादांना खरं काय ते अजून ठाऊक नाही. ते ऑफिसच्या बाकावर प्रवाशांसाठी दिवाळी अंक ठेवतात. हाही त्यातलाच एक. तेव्हा, दादा, नमस्कार.

यंदा जादा गाडीचं बुकिंग उघडलं त्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. खिडकीवर पहिले उभे घाडीआजोबा. नखांत शाडू.

"माझी एक," ते म्हणाले. "दहा नंबर."

"आणि त्याची?" शोभाने विचारलं.

"त्याची कशाक? अकरात तो बसता आसा मा?"

शोभाने माझ्याकडे पाहिलं नाही. बोटं चालली. जागा अकरा. मग थांबली.

"सुधाताई, यंदा चौसष्ट घालू?"

"नको," मी म्हटलं. "त्रेसष्टच राहू दे. मोजायचं सोडलंय मी."